एका प्रभागात चार मते: उमेदवारांची तुलना नेमकी कशाच्या आधारे करावी?

बिबवेवाडीकर

नमस्कार मंडळी. १५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेचे मतदान आहे. आमच्या प्रभागात चार जागा मिळून वीसच्या वर उमेदवार आहेत. दोन माजी नगरसेवक, एका माजी नगरसेवकाच्या पत्नी, ऐनवेळी पक्ष बदलून आलेले एक, बाकी नवे आणि काही अपक्ष. पत्रके सगळ्यांची सारखीच: खड्डेमुक्त रस्ते, मुबलक पाणी, स्वच्छ व सुरक्षित प्रभाग.

पक्षावरून वाद इथे नको, मला माणसांची तुलना करायची आहे. प्रतिज्ञापत्र कुठे मिळते आणि त्यात काय पाहायचे? 'प्रभागात १२ कोटींची विकासकामे' असा दावा तपासायचा कसा? जे पहिल्यांदाच उभे आहेत त्यांना कोणते माप लावायचे? आणि चारही मते एकाच पक्षाला द्यावी लागतात का? आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचा तसा समज आहे.

कॅनॉलरोड

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला नाही तर बाकीची तुलना चुकते. चारही मते एका पक्षाला देण्याचे काहीही बंधन नाही. प्रभाग एक असला तरी निवडणुका चार आहेत: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे, उमेदवारांची यादी वेगळी, मतपत्रिकेचा रंग वेगळा (अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा). अ मध्ये एका पक्षाला, ब मध्ये दुसऱ्याला आणि ड मध्ये अपक्षाला मत दिले तरी चारही मते वैध. पुण्यात या वेळी ४१ प्रभागांतून १६५ जागा आहेत. ४० प्रभाग चारचे आणि ३८ क्रमांकाचा प्रभाग पाचचा, त्यामुळे तिथल्या मतदारांना पाच मते द्यायची आहेत.

याचा थेट परिणाम तुलनेवर होतो. अ मधला उमेदवार ब मधल्या उमेदवाराशी लढतच नाही. लोक वीस नावांची एकच यादी करतात, त्यातले चार 'चांगले' निवडतात, आणि मग लक्षात येते की त्यातले दोघे एकाच जागेवर आहेत. म्हणून चार वेगळे कागद घ्या आणि प्रत्येक जागेची तुलना त्या जागेपुरतीच करा. एखाद्या जागेवर तिन्ही-चारही उमेदवार कमकुवत असतील तर त्यातल्या त्यात बरा कोण हे ठरवायला सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या. ओळखीचे मोठे नाव असलेल्या जागेचा निर्णय तसा लवकर होतो.

प्रतिज्ञापत्र राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि तुमच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहायला मिळते. त्याचा गोषवारा मतदान केंद्राबाहेरही लावतात, पण तो मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहून वाचण्यात अर्थ नाही. मूळ प्रत वाचा. बहुतेक प्रती हाताने भरून स्कॅन केलेल्या असतात, मोबाइलवर अक्षर लागत नाही, संगणकावर मोठे करून पाहा.

पहिले पाहायचे ते गुन्ह्यांचे कोष्टक. नुसता आकडा फसवा असतो. जमावबंदी मोडली म्हणून भारतीय दंड संहितेचे कलम १८८, बेकायदा जमावासाठी १४३, हे रस्त्यावर आंदोलन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या नावावर असते. ४२० म्हणजे फसवणूक, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न. पाच आंदोलनांचे पाच गुन्हे आणि फसवणुकीचा एक गुन्हा यांची तुलना पाचास एक अशी करू नका. दुसरी गोष्ट: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे नव्या गुन्ह्यांची कलमे वेगळ्या क्रमांकाने दिसतील. जुने ४२० आता ३१८ (४), सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचे ३५३ आता १३२, १८८ आता २२३, ३०७ आता १०९. ३५३ असेल तर प्रकरण काय होते ते जरूर विचारा. त्यात मोर्चातली ढकलाढकलीही येते आणि अभियंत्याला केलेली मारहाणही येते.

मालमत्तेच्या रकान्यात एकूण रकमेपेक्षा नोंदी वाचा. जमिनीचा भाव वाढल्याने आकडा फुगतो, त्यात विशेष काही नाही. पाहायचे ते हे: मागच्या म्हणजे २०१७ च्या निवडणुकीनंतर कोणत्या मालमत्ता नव्याने घेतल्या, कोणाच्या नावावर, आणि त्या वर्षांतले आयकर विवरणातले उत्पन्न त्याला पुरते का. माजी नगरसेवक असतील तर २०१७ चे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. बांधकाम भागीदारी, ठेकेदारी फर्म, समाविष्ट (नव्याने शहरात घेतलेल्या) गावांतल्या जमिनी यांवर खूण करा. शहराच्या विकास आराखड्यातले बदल सभागृहापुढे येतात, तेव्हा हा माणूस स्वतःच्या हिताच्या विषयावर मतदान करणार का, हे आजच विचारण्यासारखे आहे.

अंदाजपत्रक_वाचक

'१२ कोटींची कामे' यावर लिहितो.

आधी एक तारीख पक्की लक्षात ठेवा: १४ मार्च २०२२. त्या दिवशी मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ मार्चपासून प्रशासक आले. तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत पुण्यात एकही नगरसेवक नाही. मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही, 'स' यादी (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी) नाही. त्यामुळे २०२३ किंवा २०२४ च्या कामापुढे कोणी 'माझ्या निधीतून' लिहिले असेल तर ते खरे असूच शकत नाही. ते काम आयुक्तांच्या अंदाजपत्रकातून, आमदार-खासदार निधीतून किंवा जिल्हा नियोजनातून झालेले असते. 'माझ्या पाठपुराव्याने' हे मात्र खरे असू शकते आणि ते तपासताही येते. पाठपुरावा केला असेल तर क्षेत्रीय कार्यालयाला किंवा खात्याला दिलेले पत्र असणार, त्यावर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख असणार. ती प्रत दाखवा म्हणावे. खरोखर मागे लागलेल्या माणसाकडे अशा पत्रांची फाइल असते आणि तो ती आनंदाने दाखवतो. शिवाय तारीख पाहा: पत्र कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघण्याच्या आधीचे आहे का नंतरचे?

आता २०१७ ते २०२२. महापालिकेची अंदाजपत्रके संकेतस्थळावर आहेत. त्यात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामे 'स' यादीत सापडतात. वाचताना तीन ठिकाणी लोक फसतात.

एक, तरतूद म्हणजे खर्च नव्हे. पत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा पाच वर्षांच्या तरतुदींची बेरीज असते. काम निघाले का, बिल अदा झाले का, हे वेगळे. दोन, वर्गीकरण. अंदाजपत्रकात जलवाहिनीसाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे प्रस्ताव येतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या स्थायी समितीच्या कार्यपत्रिका उघडल्या की कोणाच्या प्रभागातून कशातून कशात पैसे गेले ते दिसते. नगरसेवकाला खरोखर काय महत्त्वाचे वाटते ते या प्रस्तावांवरून जितके कळते तितके भाषणांवरून कळत नाही. तीन, एकाच कामाचे चार मालक. चार नगरसेवकांच्या प्रभागात तोच रस्ता चौघांच्याही पत्रकावर असतो. कोणाच्या नावापुढे तरतूद होती ते यादीत पाहा.

मग कामांची प्रतवारी लावा. एका बाजूला सांडपाणी वाहिनी, पावसाळी गटार, जलवाहिनी, शाळा-दवाखान्याची दुरुस्ती. दुसऱ्या बाजूला बाकडी, नामफलक, कमानी, बकेट आणि कापडी पिशव्यांचे वाटप, चांगले असलेले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवणे. दुसऱ्या प्रकारची थोडी कामे सगळेच करतात. पण निम्म्याहून जास्त रक्कम तिकडे असेल तर १२ कोटींच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

एक काम जागेवर जाऊन तपासायचेच असेल तर गल्लीचे काँक्रिटीकरण घ्या, कारण पत्रकावर ते हमखास असते. बरोबर क्रम असा: आधी सांडपाणी वाहिनी बदलायची किंवा तपासायची, मग जलवाहिनी आणि घरोघरची नळजोडणी, मग पावसाळी पाण्याची लाइन, मग केबलसाठी आडवे डक्ट, आणि शेवटी काँक्रीट. पावसाळी जाळ्या आणि चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणायची. जिथे नुसते काँक्रीट ओतले तिथे काय होते ते डोळ्यांना दिसते. जुना थर खरवडलेला नसतो, रस्ता सहा-आठ इंच वर येतो, सोसायटीचे फाटक खाली जाते आणि जूनमध्ये पाणी पार्किंगमध्ये शिरते. चेंबर खड्ड्यात जातात. वर्ष-दीड वर्षात खालची जुनी वाहिनी चोंदली की तोच रस्ता मधोमध फोडतात आणि त्यावर डांबराचे ठिगळ बसते. असा चट्टा दिसला की त्या उमेदवाराला दोन प्रश्न विचारा: खालच्या वाहिन्या आधी का बदलल्या नाहीत, आणि दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेतली का. या कालावधीत काम बिघडले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने नीट करायचे असते. हा कालावधी किती होता हे ज्याला ठाऊक आहे त्याने काम खरेच केले आहे.

माहिती अधिकारात विचारता येते, दहा रुपयांत, पण उत्तराची मुदत ३० दिवस. मतदानाच्या आत उपयोग नाही, पुढच्या पाच वर्षांसाठी जरूर आहे.

नळस्टॉप_रहिवासी

वरचे सगळे बरोबर, पण माणूस बघून मत देताना एक गोष्ट निसटते आहे. नगरसेवक सभागृहात एकटा मत देत नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६ चा अनर्हता कायदा आहे. पक्षाने व्हिप काढला आणि सदस्याने विरोधात मत दिले तर पद जाऊ शकते. करवाढ, नदीकाठ प्रकल्प, टेकड्यांवरचे रस्ते, मोठ्या निविदा, यांवर तुमच्या सज्जन नगरसेवकाचे मत काहीही असो, पक्षादेश आला की हात त्या बाजूने वर जातो. म्हणून उमेदवाराला शहरपातळीच्या दोन-तीन विषयांवर पक्षाची भूमिका काय आणि तुमची काय, असे थेट विचारा. भूमिका वेगळी असेल तर व्हिप आल्यावर काय कराल, हेही विचारा.

अपक्षांचा हिशेब उलटा. त्यांच्यावर व्हिप नाही, पण स्थायी समितीच्या १६ जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात, त्यामुळे एकट्या अपक्षाला तिथे पोचणे अवघड. आणि निधीची गाठ तिथेच सुटते. अपक्षाला मत द्यायचे तर निवडून आल्यावर कोणत्या गटात जाणार हे विचारून घ्या. 'नागरिकांना विचारून ठरवीन' हे उत्तर पुरेसे नाही.

बिबवेवाडीकर

खूप धन्यवाद, सगळ्यांचेच. चार कागदांची युक्ती आजच करतो. दोन गोष्टी राहिल्या. माजी नगरसेवकांच्या पत्नी उभ्या आहेत, पत्रकावर निम्मी जागा त्यांच्या यजमानांच्या फोटोला आणि कामांना आहे. त्यांची तुलना कशी करायची? आणि नव्या उमेदवारांकडे तर दाखवायला अंदाजपत्रकही नाही.

धायरीफाटा

पत्नी उमेदवार असल्या तर यजमानांचे काम त्यांच्या खात्यावर जमा करू नका आणि यजमानांचे दोषही त्यांच्यावर टाकू नका. २०१२ पासून पुण्यात निम्म्या जागा महिलांसाठी आहेत आणि आरक्षण बदलले की असे अर्ज येतात. त्यातून उत्तम काम करणाऱ्या नगरसेविका तयार झाल्या आहेत, आणि सहीपुरत्या राहिलेल्याही आहेत. फरक ओळखायला सोपी कसोटी आहे. पत्रकावरचा संपर्क क्रमांक कोणाचा? कोपरा सभेत पाणी किंवा कचऱ्याचा प्रश्न विचारला तर उत्तर कोण देतो? मुख्य सभेत आणि प्रभाग समितीत बसण्याचा, बोलण्याचा, मत देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सदस्याला आहे. तिथे यजमान जाऊ शकत नाहीत. म्हणून प्रश्न त्यांनाच विचारा आणि उत्तर त्यांच्याकडूनच येईपर्यंत थांबा. दुसऱ्या कोणी मध्ये बोलायला सुरुवात केली तर नम्रपणे 'ताईंना बोलू द्या' म्हणा.

नव्यांसाठी माझ्या मते एकच खरे माप आहे: पद नसताना या माणसाने यंत्रणा किती वापरली. मोहल्ला कमिटीत जाणे, वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रारी, विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना, नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात सुचवलेली कामे. हे अंदाजपत्रक पुण्यात २००६ पासून आहे आणि कोणताही नागरिक त्यात अर्ज भरू शकतो. ज्याने कधी एकही अर्ज भरला नाही तो नगरसेवक झाल्यावर प्रशासनाशी भांडेल, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. गणपतीची वर्गणी, हळदीकुंकू, देवदर्शनाच्या बसगाड्या आणि दहीहंडी यांचा अनुभव मात्र या मापात धरू नका. सहलीचा खर्च कोण करतो आणि तो पुढे कसा भरून काढतो, एवढे मनात ठेवा.

पाण्यावरून परीक्षा घेता येते, कारण पुण्यात त्याचे ठोकळ उत्तर चालत नाही. 'आपल्या भागाला पाणी कोणत्या टाकीतून येते? व्हॉल्व्ह किती वाजता फिरवतात? समान पाणीपुरवठा योजनेतले आपल्या भागातले काय झाले आणि काय अडले?' ज्याने कामाला हात घातला आहे तो टाकीचे नाव सांगतो, कोणत्या चौकात लाइन जोडायची राहिली आहे ते सांगतो, गुरुवारी पाणी बंद राहिले की शुक्रवारी शेवटच्या गल्लीत ते का चढत नाही तेही सांगतो. ज्याला माहीत नाही तो खडकवासला-पानशेतच्या साठ्यावर बोलतो. धरणातला कोटा हा जलसंपदा खात्याचा विषय आहे, तुमच्या गल्लीतला दाब महापालिकेचा.

समाविष्ट गावांतल्या मतदारांसाठी हे आणखी महत्त्वाचे. ११ गावे २०१७ मध्ये आणि २३ गावे २०२१ मध्ये शहरात आली. इकडे टँकर, सांडपाणी वाहिनी आणि मिळकतकर हे तीनच विषय विचारले तरी पुरे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले तेव्हा विहिरीच्या पाण्याचा प्रश्न समोर आला. इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला शुद्धीकरणाचे काम कुठवर आले हे माहीत असलेच पाहिजे.

आणि आश्वासनांतून महापालिकेबाहेरचे विषय लाल पेनाने कापा. मेट्रोचा मार्ग महामेट्रोचा, वीज महावितरणची, गुन्हेगारी पोलिसांकडे, रिंगरोड राज्य शासनाच्या यंत्रणांकडे. पीएमपीची बस अर्धवट आपली, कारण ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची मिळून कंपनी आहे. नगरसेवक तिथे मार्गाची मागणी करू शकतो, बस सोडू शकत नाही. पाणी, सांडपाणी, कचरा, गल्लीतले रस्ते, पथदिवे, महापालिका शाळा, दवाखाने, उद्याने, बांधकाम परवाने एवढ्यावर पत्रकात किती ओळी आहेत ते मोजा. काही पत्रकांत कापाकापीनंतर दोन ओळीही उरत नाहीत.

कॅनॉलरोड

एक दुरुस्ती नव्हे, भर. उमेदवार तुमच्या प्रभागात राहत असलाच पाहिजे असे नाही, पुणे महापालिकेच्या कोणत्याही मतदार यादीत नाव असले की तो कुठूनही उभा राहू शकतो. प्रतिज्ञापत्रावर पत्ता असतोच. बाहेरचा म्हणून लगेच बाद करू नका, पण संपर्क कार्यालय कुठे असेल आणि निवडणुकीनंतर ते चालू राहील का, हे विचारा. तसेच प्रभागरचना २०१७ पासून बदलली आहे. माजी नगरसेवकाचा जुना प्रभाग आजच्या प्रभागाशी किती जुळतो ते नकाशावर पाहा. त्यांची दाखवलेली कामे कित्येकदा आता शेजारच्या प्रभागात गेलेली असतात.

बिबवेवाडीकर

हे तर डोक्यातच आले नव्हते. आमचा निम्मा भाग खरेच दुसरीकडून जोडला आहे. शेवटचे: एखाद्या जागेवर कोणीच पटले नाही तर ते मत न देता बाहेर पडता येते का?

कॅनॉलरोड

तसे बाहेर पडू नका. चारही जागांसाठी एकेक बटण दाबेपर्यंत मतदान पूर्ण होत नाही आणि शेवटचा लांब आवाज येत नाही. कोणी तीन बटणे दाबून निघाला तर केंद्राध्यक्ष परत बोलावतात, रांग अडते, वादावादी होते. प्रत्येक जागेच्या यादीत शेवटी नोटा आहे, नको त्या जागेवर तेच दाबा. प्रत्येक बटण दाबल्यावर चिन्हाशेजारचा दिवा लागला का बघा आणि मगच पुढच्या रंगाकडे जा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी या निवडणुकीत नाही, म्हणून दिव्याकडे लक्ष हवे.

मोबाइल केंद्रात नेता येत नाही, त्यामुळे टिपणे घरीच राहतात आणि चार याद्यांसमोर गोंधळ होतो. साध्या कोऱ्या चिठ्ठीवर अ, ब, क, ड लिहून प्रत्येकापुढे उमेदवाराचा अनुक्रमांक लिहून न्या. पक्षाच्या बूथवर मिळणारी, चिन्ह छापलेली चिठ्ठी आत नेऊ नका. घरातल्या ज्येष्ठांना आदल्या दिवशीच चार रंगांचा क्रम समजावून द्या. वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच, आणि चार बटणांमुळे प्रत्येकाला जास्त वेळ लागतो, तेव्हा दुपारच्या आत उरका.